उतरवलेली गाणी फोनमध्ये कुठे जातात? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गावात रेंज असते, पण वावरात नसते. आणि कपाशीच्या वेचणीचे किंवा रात्रीच्या ओलिताचे तास गाण्यांच्या सोबतीनेच सरतात. म्हणूनच विदर्भातल्या खेड्यांतून येणाऱ्या पत्रांत फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या गाण्यांविषयीचे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. ती अँड्रॉइड फोन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कंपनीनुसार पर्यायांची नावे थोडीफार बदलतात, मात्र फायली ठेवण्याची मूळ रचना सारखीच असते.

प्रश्न : मी काही गाणी क्रोममधून उतरवली आणि काही मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवली. गाणी वाजवण्याच्या ॲपमध्ये त्यांतली अर्धीच दिसतात. उरलेली कुठे गेली? (शेतकरी, तालुका दर्यापूर)

उत्तर : बहुधा कुठेही गेलेली नाहीत. गाणी वाजवणारे ॲप आपल्याला दाखवते ती केवळ एक यादी असते आणि प्रत्यक्ष फाइल फोनच्या कुठल्या तरी फोल्डरमध्ये असते. सातबाऱ्यावर नोंद राहून गेली म्हणून वावर जागचे हलत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे शोध घ्यायचा तो प्लेअरमध्ये नव्हे, तर ‘फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ या ॲपमध्ये. ते बहुतेक फोनांमध्ये आधीपासून असते. नसल्यास गूगलचे ‘फाइल्स’ हे ॲप प्ले स्टोअरवरून मोफत घेता येते.

क्रोममधून उतरवलेले गाणे ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये जाते. व्हॉट्सॲपचा मार्ग मात्र लांबचा आहे. पूर्वी फोनच्या अंतर्गत साठ्यात शिरताच ‘व्हॉट्सॲप’ नावाचे फोल्डर समोर दिसत असे, परंतु २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ ने ॲप्सनी आपापल्या फायली कुठे ठेवाव्यात यावर बंधने घातली आणि हे फोल्डर आत सरकले. आता ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम.व्हॉट्सॲप’, त्यात ‘व्हॉट्सॲप’ आणि त्यात पुन्हा ‘मीडिया’ असे क्रमाने आत जावे लागते. तेथे ‘व्हॉट्सॲप ऑडिओ’ या फोल्डरमध्ये गाणी असतात. मित्राने गाणे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले असेल, तर ते शेजारच्या ‘व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स’मध्ये सापडते, आणि पुष्कळांचा शोध नेमका येथेच चुकतो.

फाइल सापडली की ती तेथूनच वाजवून पाहावी. वाजली, तर दोष यादीचा आहे. अशा वेळी फोन एकदा बंद करून सुरू करावा, म्हणजे यादी नव्याने तयार होते. तरीही गाणे दिसत नसेल, तर प्लेअरला परवानगी दिलेली आहे का ते पाहावे. अँड्रॉइड १३ पासून ‘संगीत आणि ऑडिओ’ अशी वेगळी परवानगी द्यावी लागते. काही प्लेअर ३० किंवा ६० सेकंदांपेक्षा लहान फायली आपणहून गाळतात, तो पर्याय त्यांच्या सेटिंग्जमध्ये बदलता येतो.

फाइल तेथूनही वाजली नाही, तर तिचा आकार पाहावा. साधारण दर्जाच्या, म्हणजे १२८ केबीपीएस एमपी३ गाण्याला मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते, म्हणून पाच मिनिटांचे गाणे ५ एमबीच्या आसपास असायला हवे. ते काही केबी एवढेच दिसत असेल, तर गाणे अर्धवट उतरले आहे किंवा गाण्याऐवजी संकेतस्थळाचे नुसते पान उतरले आहे. आणि फाइलचे नाव ‘एपीके’ने संपत असेल, तर ते गाणे नाहीच, ते ॲप आहे. ते उघडू नये, लगेच काढून टाकावे. लग्नपत्रिकेच्या नावाने अशा फायली पाठवून बँकेतले पैसे लुबाडण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि गाण्याच्या नावानेही तेच करता येते.

प्रश्न : आमच्या खंजिरी भजन मंडळाच्या ग्रुपवर खूप भजने जमली आहेत, पण फोनमध्ये त्यांची नावे कळत नाहीत, सगळी आकड्यांची दिसतात. ती वेगळी काढून म्युझिक फोल्डरमध्ये हलवली तर चालेल का? (भजन मंडळाचे सदस्य, तालुका चांदूर रेल्वे)

उत्तर : व्हॉट्सॲप ऑडिओ म्हणून आलेल्या फाइलला स्वतःचे नाव देते. त्यात इंग्रजी ‘एयूडी’ अक्षरे, मग वर्ष, महिना व दिवस जोडून तारीख, आणि शेवटी ‘डब्ल्यूए’सह त्या दिवसाचा अनुक्रमांक असतो. म्हणजे भजन कोणत्या दिवशी आले एवढे तरी नावावरून कळते, आणि ग्रुपमधली तारीख पाहून जुळवणी करता येते.

‘म्युझिक’मध्ये ‘भजन’ असे नवे फोल्डर करावे, परंतु फायली हलवू नयेत. त्यांची प्रत काढावी. मूळ फाइल जागेवरून हलली की व्हॉट्सॲपला ती सापडत नाही आणि ग्रुपमधला तो संदेश वाजेनासा होतो. प्रत काढल्यावर प्रत्येक भजनाला मराठीत नाव द्यावे, शक्यतो पहिल्या ओळीचे. नाव बदलताना शेवटचे ‘.एमपी३’ किंवा ‘.एम४ए’ तसेच राहू द्यावे, कारण ते पुसले गेल्यास फोनला ही कसली फाइल आहे हेच कळत नाही. यापुढे मंडळातल्या सर्वांनी भजने डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याचे ठरवल्यास मूळ नाव कायम राहील आणि हा खटाटोप वाचेल.

प्रश्न : मी गाण्यांच्या ॲपमध्ये पैसे भरून गाणी डाउनलोड केली. ती फाइल मॅनेजरमध्ये कुठेच दिसत नाहीत. वडिलांच्या कीपॅडच्या फोनमध्ये कशी टाकू? (विद्यार्थिनी, पुसद)

उत्तर : ती टाकता येणार नाहीत, हे स्पष्टच सांगायला हवे. स्पॉटिफाय किंवा यूट्यूबच्या सशुल्क सेवेत ‘डाउनलोड’ म्हणजे फाइल आपल्या मालकीची होणे नव्हे. ते गाणे कुलूपबंद स्वरूपात त्या ॲपच्या खासगी जागेत राहते आणि फक्त त्याच ॲपमध्ये वाजते. या दोन्ही सेवांत ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटला जोडले नाही, तर ती गाणी वाजणे थांबते, आणि वर्गणी संपली तरीही तेच होते. ‘कुलूप तोडून देतो’ म्हणणाऱ्या ॲप्सच्या नादी लागू नये. वडिलांसाठी गाणी हवी असतील, तर रीतसर विकत मिळणाऱ्या एमपी३ फायली किंवा घरातल्या जुन्या सीडी हा मार्ग आहे. सीडीवरची गाणी संगणकावर एमपी३ स्वरूपात उतरवून घेता येतात आणि ती कीपॅडच्या फोनमध्ये व्यवस्थित वाजतात.

प्रश्न : जुन्या फोनमधले मेमरी कार्ड नव्या फोनमध्ये टाकले, तर फोन ‘फॉरमॅट करा’ असे म्हणतो. त्यात दंडारीची आणि नाटकांतली गाणी आहेत. काय करावे? (वाचक, तालुका कुरखेडा)

उत्तर : सर्वांत आधी, ‘फॉरमॅट’वर, म्हणजे कार्डावरचे सगळे पुसणाऱ्या पर्यायावर, बोट ठेवू नये. कार्ड बाहेर काढावे आणि जुना फोन कोणाला दिला असेल, तर तो रीसेट होण्याआधी, म्हणजे त्यातले सगळे पुसले जाण्याआधी, परत मागून आणावा. याचे कारण असे की, २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून कार्ड दोन प्रकारे वापरता येते. पहिला प्रकार सुट्या साठ्याचा, त्यात कार्ड कोणत्याही फोनमध्ये किंवा संगणकात वाचता येते. दुसऱ्या प्रकारात ते फोनच्या अंतर्गत साठ्याचाच भाग बनते. तेव्हा त्यावरचा मजकूर सांकेतिक होतो आणि तो उलगडण्याची किल्ली फक्त त्या एका फोनमध्ये असते. जुन्या फोनमध्ये जागा कमी पडली म्हणून कोणीतरी हा दुसरा पर्याय निवडला असेल, तर नवा फोन ते कार्ड वाचू शकत नाही आणि आपल्या परीने फॉरमॅटचा सल्ला देतो.

कार्ड पुन्हा जुन्या फोनमध्ये घालावे. गाणी तेथे दिसली, तर ती ओटीजी, म्हणजे थेट फोनला जोडता येणाऱ्या, पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून घ्यावीत आणि मगच नव्या फोनमध्ये कार्ड फॉरमॅट करून, तेथे ‘पोर्टेबल’ म्हणजे सुटा साठा हा पर्याय निवडावा. संगणकाला फोन जोडल्यावर तो फक्त चार्ज होतो आणि आतले काही दिसत नाही, अशी तक्रार अनेकजण करतात. त्यासाठी फोनवर वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. जुना फोन रीसेट झालेला असेल, तर किल्ली गेली आणि गाणीही गेली. त्यावर दुकानदार काही करू शकत नाही. जुना फोनही कार्ड वाचत नसेल, तर मात्र कार्डच बिघडलेले असू शकते. तेव्हा ते रीडरमध्ये घालून संगणकावर पाहावे आणि त्यावर नवे काहीही लिहू नये.

येथे आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे लोकांचे खरोखर नुकसान होते. आठवडी बाजारात अगदी कमी दरात मिळणारी ५१२ जीबीची कार्डे अनेकदा खोटी असतात. आतली खरी जागा थोडीच असते, पण फोनला ती मोठी असल्याचे भासवलेले असते. खरी जागा भरली की पुढची गाणी कार्डावर नावाने दिसतात, पण वाजत नाहीत. तसे होऊ लागल्यास त्या कार्डावर भरवसा ठेवू नये.

प्रश्न : फोनमधली गाणी पेनड्राइव्हवर घेतली. फोनमध्ये पेनड्राइव्ह वाजतो, ट्रॅक्टरच्या टेपमध्ये वाजत नाही. दुसरा एक पेनड्राइव्ह वाजतो, पण गाणी उलटसुलट क्रमाने लागतात. (ट्रॅक्टरचालक, तालुका आर्वी)

उत्तर : पहिल्या पेनड्राइव्हची रचना, म्हणजे त्यावर फायली मांडण्याची पद्धत, तपासा. ट्रॅक्टर आणि जुन्या जीपमधल्या बहुतेक टेपना ‘फॅट३२’ ही जुनी रचनाच वाचता येते, तर ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह सहसा ‘एक्सफॅट’ रचनेत येतात. म्हणून टेपसाठी १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा आणि संगणकावर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा. अर्थात त्यावरची गाणी आधी काढून ठेवून. रचना बरोबर असूनही काही गाणी वाजत नसतील, तर ती एम४ए किंवा ओपस प्रकारची असतील. साध्या टेपसाठी एमपी३ हाच खात्रीचा प्रकार आहे.

क्रमाचे म्हणाल, तर पुष्कळ साधे टेप नावाच्या क्रमाने गाणी लावत नाहीत, ती ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर चढली त्या क्रमाने लावतात. गाण्यांच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत, पेनड्राइव्ह रिकामा करावा आणि गाणी त्याच क्रमाने एकेक करून चढवावीत. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी फोनमध्ये ‘इजेक्ट’ करायला विसरू नये, नाहीतर शेवटचे गाणे अर्धे लिहिले जाते.

प्रश्न : इंटरनेट नसताना एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये गाणी कशी द्यावीत? मोबाईल दुकानदार शेअरइट टाकून देतो. (वाचक, तालुका वणी)

उत्तर : शेअरइट आणि झेंडर या दोन्ही ॲप्सवर केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी, एकूण ५९ ॲप्सच्या यादीत, बंदी घातली आहे. दुकानदार देतो ती बाहेरून मिळवलेली प्रत असते, ती घेऊ नये. अँड्रॉइडमध्ये ‘क्विक शेअर’ आधीपासूनच असते. २०२४ पर्यंत बहुतेक फोनांत त्याचे नाव ‘निअरबाय शेअर’ होते. दोन्ही फोनांचे ब्लूटूथ आणि वाय-फाय सुरू करावे, लोकेशन मागितल्यास तेही सुरू करावे, आणि गाणे निवडून ‘शेअर’मधून पाठवावे. त्याला इंटरनेट लागत नाही. नुसत्या ब्लूटूथनेही गाणी जातात, पण फार सावकाश.

प्रश्न : आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या वहिनीने मला व्हॉट्सॲपवर आवाजाचे संदेश म्हणून पाठवल्या होत्या. आजी आता नाही. मला नवा फोन घ्यायचा आहे. त्या ओव्या प्लेअरमध्ये दिसतच नाहीत, त्या कशा न्याव्यात? (वाचक, तालुका चिमूर)

उत्तर : आजच्या सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजारातले गाणे हरवले तर पुन्हा मिळते, ही ओवी मिळणार नाही. म्हणून नवा फोन घेण्याची वाट न पाहता हे काम आजच करावे.

आवाजाचे संदेश ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्यात प्रत्येक आठवड्याचे एक फोल्डर असते आणि त्याच्या नावात वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक येतो. प्लेअरने या फायली यादीत घेऊ नयेत म्हणून तेथे एक खुणेची फाइल ठेवलेली असते. ओव्या दिसत नाहीत त्या त्यामुळे. फायलींच्या नावात ‘पीटीटी’ ही अक्षरे आणि तारीख असते, आणि त्या ओपस प्रकारच्या असतात. वहिनींचा संवाद उघडून संदेशांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि त्या तारखांच्या फायली शोधाव्यात. शोधणे जड जात असेल, तर संपूर्ण ‘व्हॉइस नोट्स’ फोल्डरच उचलून त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, निवडानिवड नंतर सावकाश करता येईल.

एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी संगणकावर किंवा गूगल ड्राइव्हवर असावी. ड्राइव्हची १५ जीबी जागा मोफत असते आणि ओव्यांना त्यातली अगदी थोडी पुरते. टेपवर ऐकण्यासाठी एमपी३ प्रत जरूर करावी, पण मूळ ओपस फाइल पुसू नये, कारण प्रकार बदलताना आवाज थोडा उणावतो. नव्या फोनवर व्हॉट्सॲपचे संवाद नेण्याची सोय आहे, तीही वापरावी, मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. सर्व ओव्या दुसऱ्या जागी वाजवून पाहिल्याशिवाय जुना फोन रीसेट करू नये किंवा दुकानात देऊ नये. ‘जागा मोकळी करा’ असे सुचवणारी ॲप्स व्हॉट्सॲपच्या फायलीच आधी पुढे करतात, त्या सूचनेला तोवर होकार देऊ नये.

गावात अजून कोणी ओव्या म्हणणाऱ्या बाई असतील, तर त्यांचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपच्या संदेशात न करता फोनच्या ‘रेकॉर्डर’ ॲपमध्ये करावे, कारण व्हॉट्सॲप आवाज फार दाबून लहान करते. पंखा बंद ठेवावा, फोन विमान मोडवर टाकून त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, आणि मुद्रणाच्या सुरुवातीलाच त्यांचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोलून घ्यावी. फाइलचे नाव पुढे कोणी बदलले, तरी ही माहिती आवाजासोबतच राहते. नंतर ती फाइल नातेवाइकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.