मुख्य गायिका बदलल्यावर बँड तोच राहतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: एखाद्या कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) बँडने मुख्य गायक बदलून नवा अल्बम काढला, तर तो मनापासून ऐकावा असा असतो का, की नुसता जुन्या नावावर खपतो?

मी एकाच अल्बमबद्दल सांगते, कारण तो मी अनेक वर्षं ऐकतेय. डिक्सी चिक्स या अमेरिकन मुलींच्या बँडचा ‘वाइड ओपन स्पेसेस’, जानेवारी १९९८.

आधी माझा संबंध सांगते. मी व्हायोलिन वाजवते, भावगीतांच्या कार्यक्रमांत साथीला. ऐनवेळी गायिका बदलली की आमच्यात पहिला प्रश्न येतो, पट्टी कोणती, म्हणजे तिचा ‘सा’ हार्मोनियमच्या कुठल्या सुरावर? काळी पाचवरचं गाणं काळी तीनवर आणलं की मोकळ्या तारांचा आधार सुटतो, बोटं नव्या जागी बसवावी लागतात. तेवढ्याने भागत नाही. नवी गायिका श्वास कुठे घेते, शब्द कुठे सोडते, ते कळेपर्यंत आपण तिच्या मागे चाचपडत असतो. म्हणून ‘फक्त आवाज बदलला, बाकी सगळं तेच’ असं कुणी म्हणालं की मला पटत नाही.

डिक्सी चिक्सची सुरुवात १९८९ मध्ये टेक्सासमधल्या डॅलसला झाली. चौघीजणी होत्या: लॉरा लिंच, रॉबिन लिन मेसी आणि मार्टी व एमिली अर्विन या दोघी बहिणी. मार्टीकडे फिडल, म्हणजे आपलंच व्हायोलिन, फक्त वाजवण्याची रीत निराळी. एमिलीकडे बँजो आणि डोब्रो. डोब्रो आडवी धरून तारांवरून धातूची कांडी सरकवत वाजवतात. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार आठवा, त्याच कुळातला आवाज. रस्त्याच्या कोपऱ्यावर वाजवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. कपडे काउगर्लचे, संगीत ब्लूग्रास (फिडल-बँजोवर चालणारा कंट्रीचा जुना प्रकार) आणि जुन्या काउबॉय वळणाचं. पहिले तीन अल्बम छोट्या कंपनीकडून आले. दुसऱ्यानंतर, १९९२ मध्ये, मेसी गेल्या. तिसऱ्यात मुख्य आवाज लॉरा लिंच यांचा होता. १९९५ मध्ये त्यांचीही जागा गेली आणि नॅटली मेन्स आली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

नॅटली लबकची, पश्चिम टेक्सासमधली. तिचे वडील लॉइड मेन्स त्या भागातले नावाजलेले स्टील गिटारवादक, चिक्सच्या आधीच्या रेकॉर्डिंगमध्येही वाजवलेले. बँडचं आणि त्या घराचं येणंजाणं जुनं होतं. नव्या अल्बमचं शीर्षकगीतही लॉइड मेन्स यांच्यामुळेच आलं. ते सुझन गिब्सन यांनी लिहिलेलं, त्यांच्या द ग्रूबीज या बँडचं. त्या बँडचं रेकॉर्डिंग लॉइड करत होते, तिथे त्यांनी ते ऐकलं आणि चिक्सपर्यंत पोचवलं. घर सोडून दूर निघालेल्या मुलीचं गाणं आहे. निरोप देताना बाप तिला गाडीतलं ऑइल तपासायला सांगतो. एवढंच. जेवून घे, पोचल्यावर फोन कर असं आपल्याकडचे वडील म्हणतात ना, तेच प्रेम तिथे ऑइलवर येऊन थांबतं. आणि हे गाणं नॅटलीपर्यंत आणणारे तिचे स्वतःचेच वडील. मला हे कळलं त्या दिवशी मी ते गाणं पुन्हा लावलं आणि तो बापाचा भाग येईपर्यंत हातातलं काम बाजूला ठेवून बसले.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. तिसरा अल्बम आणि हा चौथा लागोपाठ ऐका. लॉरा लिंच यांचा आवाज मऊ, जरा खालच्या अंगाचा. गाणं समोर ठेवून त्या बाजूला उभ्या राहतात. नॅटलीचा आवाज टोकदार, छाती भरून येणारा, उच्चारात लबकचा हेल. ती गाणं ढकलत पुढे नेते. अशा आवाजामागे वाद्यांनी आधीसारखंच वाजवलं असतं तर दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ऐकू आल्या असत्या. तसं झालं नाही. पॉल वॉर्ली आणि ब्लेक चान्सी या निर्मात्यांनी ठेका भक्कम केला, ड्रम पुढे आणले. पण फिडल, बँजो आणि डोब्रो काढले नाहीत. त्या काळात नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीतल्या, स्टुडिओत बहुतेकदा ठरलेले वादक वाजवत आणि बँडच्या लोकांनी नुसतं गायचं. या बहिणींनी आपली वाद्यं आपणच वाजवली. मला वाटतं सगळा अल्बम त्या हट्टावर उभा आहे. आवाज नवा, पण हात तेच आहेत हे कानाला सतत जाणवत राहतं.

‘यू वेअर माइन’ मुद्दाम वेगळं ऐका. हे गाणं मार्टी आणि एमिलीने स्वतः लिहिलंय, आईवडिलांच्या घटस्फोटावर. दुःख दोघी बहिणींचं आणि म्हणायला उभी कोण, तर नुकतीच आलेली मुलगी. नॅटली त्यात कुठेही रडवेली होत नाही. स्वर सरळ ठेवते, शब्द मोकळे सोडते, आणि मग दोघी बहिणींचे आवाज येऊन तिला मिळतात. ज्यांचं घर मोडलं त्याच तिला सूर देतायत. माझ्या मते त्या क्षणी नॅटली त्या बँडची झाली, करारावर सही कधी झाली असेल ती असो.

खपाचं म्हणाल तर अमेरिकेत १ कोटी २० लाखांहून जास्त प्रतींची नोंद आहे. तीन गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि १९९९ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. यातली काही गाणी मला साधारण वाटतात, पहिलं ‘आय कॅन लव्ह यू बेटर’ तर रेडिओसाठीच बेतलेलं आहे. पण जुन्या नावावर खपला असं या अल्बमबद्दल म्हणताच येणार नाही. टेक्सासबाहेर ते जुनं नाव फारसं कुणाला माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र या यशाच्या कहाणीत नेहमी मागे राहते. सहा वर्षं गावोगाव वाजवत बँड उभा करणाऱ्यांत लॉरा लिंच होत्या, आणि मोठा दरवाजा उघडला तेव्हा त्या आत नव्हत्या. डिसेंबर २०२३ मध्ये टेक्सासमध्येच रस्ता अपघातात त्या गेल्या. बँडचं नाव तोवर, २०२० पासून, नुसतं ‘द चिक्स’ झालं होतं. नवीन गायिकेचं कौतुक करताना मला त्यांचा तो मऊ आवाज आठवतोच. तुम्ही तो तिसरा अल्बम, १९९३ चा ‘शुडण्ट अ टोल्ड यू दॅट’, आधी ऐका आणि लगेच त्यामागे हा लावा. चांगल्या हेडफोनवर, डोळे मिटून, एकदा फक्त मार्टीच्या फिडलच्या मागे जा.