बायोप्सी चांगली आली, तरी धास्ती का जात नाही?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वहिनींच्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, शंका निघाली, बायोप्सीत (सुईनं तुकडा काढून तपासल्यावर) कॅन्सर नाही असं आलं, अंबाबाईची ओटीही भरून झाली. तरी दोन महिने त्यांना झोप नाही, रोज आंघोळीला गेल्या की छाती चाचपतात आणि घरचे "आता कसली काळजी?" म्हणून वैतागलेत.

घरच्यांना सांगा, हा हळवेपणा नव्हे. डेन्मार्कमध्ये अशा बायकांची तीन वर्षं विचारपूस झाली. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही नाही हे कळून सहा महिने झाले तरी त्यांच्या मनाची शांतता खरोखर कॅन्सर निघालेल्या बायकांइतकीच ढळलेली होती. तीन वर्षांनीही, ज्यांच्या तपासणीत कधी शंका निघालीच नाही त्यांच्यापेक्षा त्या जास्त अस्वस्थ होत्या. दोन महिने म्हणजे काहीच नाहीत.

आता फाइल काढा. मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' आणि पुढे आकडा असतो, तो शंका किती हे सांगतो. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता फार तर २ टक्के, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ४ला पोटभाग असतात: ४ए म्हणजे २ ते १० टक्के, ४बी १० ते ५०, ४सी ५० ते ९५. ५ त्याच्याही वर. वहिनींची बायोप्सी ४ए वरून झाली असेल तर निकाल चांगला येणार हेच जास्त संभवत होतं. ४सी किंवा ५ वरून झाली असेल आणि निकाल साधा आला असेल, तर सुई नेमक्या जागी लागली का हा वहिनींचा संशय रास्त आहे आणि तो डॉक्टरांकडेच सुटायला हवा. चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे रेडिऑलॉजिस्टना, एवढंच विचारा: "पॅथॉलॉजीचा, म्हणजे बायोप्सीचा, निकाल चित्राशी जुळतो का?" उत्तर फाइलवर लिहून घ्या. फोनवर कुणीतरी "सगळं ठीक आहे" म्हटल्यानं मन मानत नाही, आणि का मानावं?

चाचपण्याचं म्हणाल तर बायोप्सीनंतर आत रक्त साकळतं, ती जागा काही आठवडे टणक लागते. ती रोज दाबली की दुखते, दुखली की भीती वाढते, मग पुन्हा दाबायची. शिवाय स्तनाचा पोत मुळात दाणेदार. रोज शोधलं तर रोज काहीतरी सापडणारच. "हात लावू नकोस" म्हणून दटावू नका. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर; पाळी गेली असेल तर ठरलेल्या तारखेला. मात्र नवी गाठ, कातडीला खळी किंवा बोंडातून रक्त दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही.

शंका मुळात का निघते? बहुतेकदा एकावर एक आलेल्या ऊतींची सावली असते, नाहीतर पाण्याची गाठ. पहिल्याच मॅमोग्राफीत ताडून बघायला जुनं चित्र नसतं, म्हणून तेव्हा बोलावणं जास्त येतं. अमेरिकेत शंभरातल्या साधारण दहा जणींना परत बोलावतात, त्यातल्या बहुतेकींना काही नसतं.

म्हणून पुढच्या खेपेला जुन्या फिल्म आणि सीडी न्यायची. पावडर, डिओ लावायचा नाही, त्याचे कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसतात आणि उगाच शंका निघते. सोनोग्राफी त्याच दिवशी होईल का, ते आधी फोन करून विचारा. गडहिंग्लज-आजऱ्याहून येणाऱ्या बाईला तर दुसरी खेप म्हणजे आणखी आठवडाभराचा घोर. बायोप्सी लागलीच तर सोमवार-मंगळवारी, आणि रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे. शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते आणि अर्थ सांगायला सोमवारपर्यंत कुणी नसतं, ते फार वाईट.

झोप आणखी बिघडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागही आहे. एक मात्र बघा: इतकं सोसलेल्या काही बायका पुढची तपासणीच टाळतात. वहिनींना सहा महिन्यांची तारीख दिली असेल तर ती तुमच्याही फोनमध्ये टाका आणि त्या दिवशी बरोबर जा.