साकवाचा प्रश्न विधानसभेत कसा पोचतो?

विधिमंडळात आमदार जे लेखी प्रश्न विचारतात, त्यांतून गावाच्या पदरात काय पडतं, याबद्दल कोकणातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. सगळी छापता येणार नाहीत. एकसारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो.

आमच्या दोन वाड्यांमधला साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) गेल्या पावसात वाहून गेला. आमदारांनी प्रश्न टाकला, पण तो 'अतारांकित' झाला असं नंतर कळलं. म्हणजे आमचा प्रश्न खालच्या रांगेत गेला का? – एक सरपंच, गुहागर तालुका

असं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी येतं. फरक एवढाच. बातमी तारांकितची होते म्हणून त्याचा रुबाब जास्त.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. त्या २० पैकी तासाभरात तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते मोजकेच. उरलेल्या तारांकितांचीही उत्तरं शेवटी लेखीच पटलावर ठेवली जातात. सभागृहात गोंधळ झाला, कामकाज तहकूब झालं, तर तोंडी उत्तरं बुडतात, लेखी बुडत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला होता. तेव्हाही अतारांकित प्रश्नांची उत्तरं येत होती.

उपप्रश्नाचं मोल मी कमी लेखत नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, पण उपप्रश्नाचा नाही. तुमच्याच तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले ज्या कौन्सिलात बसत, तिथे सरकारने दिलेलं उत्तर ऐकून गप्प बसावं लागे. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली ती १९०९ च्या सुधारणांनंतर. मंत्री टाळाटाळ करत असतील तर तारांकितच हवा.

पण साकवाच्या बाबतीत तुम्हाला हवं आहे ते वेगळं आहे. अंदाजपत्रक किती रुपयांचं, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेला मिळाली, कार्यारंभ आदेश निघाला की नाही. या गोष्टी भाषणात सापडत नाहीत, कागदावर सापडतात. आणखी एक फायदा, जो कुठल्या नियमात लिहिलेला नाही. 'एलएक्यू', म्हणजे विधानसभेचा प्रश्न, 'आलाय' म्हटलं की मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यापासून तालुक्याच्या उपअभियंत्यापर्यंत सगळे फाइल शोधायला लागतात, कारण उत्तराखाली मंत्र्यांचं नाव येणार असतं. प्रश्नाची सूचना गेल्यावर आणि उत्तर यायच्या आधी अडकलेली मान्यता सुटली, असं पुष्कळदा होतं. मग उत्तरात ऐटीत लिहिलं जातं, 'काम प्रगतिपथावर आहे'. लिहू द्या.

मात्र साकव जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे आमदारांना आधी नक्की करून द्या. जिल्हा परिषदेचा असेल तर प्रश्न ग्रामविकास मंत्र्यांना जायला हवा. चुकीच्या दारात गेलेला प्रश्न 'सदर बाब या विभागाशी संबंधित नाही' एवढं ऐकून परत येतो आणि एक अधिवेशन फुकट जातं.

आमच्याकडच्या जुन्या पुलाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं: '(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) तपासणी करण्यात येत आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.' यातून सामान्य माणसाने काय समजायचं? – एक शिक्षिका, महाड

बरंच काही समजतं, पण त्यासाठी उत्तर नव्हे, प्रश्न आधी नीट वाचावा लागतो.

आपल्याकडे प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडायची आणि शेवटी 'हे खरे आहे काय' म्हणायचं. दुसऱ्यात 'असल्यास, चौकशी केली आहे काय'. तिसऱ्यात 'चौकशीत काय आढळून आले व तदनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे'. चौथ्यात 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. पुढचे तिन्ही भाग पहिल्यावर उभे असतात. पहिल्या भागात पुलाचं नाव, गावाचं नाव, तारीख असं काहीही चुकलं, की विभाग 'हे खरे नाही' म्हणून मोकळा होतो. उरलेल्या सगळ्यांना एकच शिक्का बसतो: 'प्रश्न उद्भवत नाही'. तारखेच्या चुकीतून सुटू नये म्हणूनच जाणते आमदार 'माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले' असं लिहितात. ऐकायला बोजड लागतं, पण त्या 'वा त्यादरम्यान'ने कितीतरी प्रश्न वाचवले आहेत.

'अंशतः खरे आहे' या उत्तरावर वैतागू नका. सरकारने काहीतरी कबूल केलं आहे. कोणता अंश खरा, एवढंच त्यांना सांगायला लावायचं बाकी आहे. पहिल्या भागात चार गोष्टी एकत्र कोंबल्या असतील तर दोष प्रश्नाचा. पुलाला तडे गेलेत, कठडा तुटला, दुरुस्तीत गैरव्यवहार झाला आणि लोकांत संताप आहे, असं एका वाक्यात लिहिलं की कठडा तुटल्याचं मान्य करून बाकीचं गिळता येतं. 'संताप' तर हमखास काढून टाकावा. तो मोजता येत नाही आणि नाकारायला सोपा असतो. शिवाय प्रश्नात युक्तिवाद, टोमणे, आरोप किंवा मत विचारणं नियमातच बसत नाही. अध्यक्षांच्या कार्यालयातूनच असा प्रश्न परत येऊ शकतो.

तुमच्या महाडचंच उदाहरण घेऊ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यावरची वाहनं माणसांसह नदीत गेली. त्यानंतर जुन्या पुलांबद्दल प्रश्नांचा पाऊस पडणं ओघानेच आलं. पण 'जिल्ह्यातील पूल धोकादायक झाले आहेत, हे खरे आहे काय' असं विचारलं, तर उत्तर येणार 'पुलांची नियमित तपासणी करण्यात येते'. त्याऐवजी असं विचारून पाहा: अमुक रस्त्यावरील अमुक किलोमीटरवरच्या पुलाची पावसाळ्यापूर्वीची व पावसाळ्यानंतरची शेवटची तपासणी कोणत्या दिनांकांना झाली, तपासणी अहवालात कोणते दोष नोंदवले, त्यापैकी कोणते, कोणत्या दिनांकास दूर केले, न केलेल्या दोषांसाठी निधीची मागणी केली होती काय. यातल्या एकाही भागाला 'नियमित' हा शब्द पुरत नाही. तारीख द्यावी लागते, किंवा तारीख नाही हे सांगावं लागतं. दोन्हीपैकी काहीही आलं तरी पुढच्या वेळेला ते उपयोगी पडतं.

'तपासणी करण्यात येत आहे' हा तुमच्या उत्तरातला भाग मात्र जपून ठेवा. त्याचं काय करायचं ते पुढे चिपळूणच्या पत्राला दिलेल्या उत्तरात आहे.

एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींनी आमचा धंदा बसवला. आमदाराला सांगितलं तर ते म्हणतात केंद्राचं आहे, खासदार म्हणतात राज्याचं आहे. – मच्छीमार सोसायटीचे एक सदस्य, मालवण

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणून दोघांनाही सोडू नका. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार, आणि त्या क्षेत्रात कृत्रिम दिवे लावून मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. पर्ससीनवरचे, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावरचे, राज्याचे निर्बंध फेब्रुवारी २०१६ चे.

तेव्हा एकाच दिवशी दोन प्रश्न तयार करा. विधानसभेत मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना विचारायचं: सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षवार किती नौकांवर कारवाई झाली, दंड किती ठोठावला, त्यापैकी वसूल किती झाला, आणि गस्ती नौका वर्षातले किती दिवस प्रत्यक्ष समुद्रात होती. हा शेवटचा भाग गाळू नका. गस्ती नौका 'उपलब्ध आहे' असं उत्तर नेहमी येतं. ती धक्क्याला बांधलेलीही उपलब्धच असते. लोकसभेत १२ मैलांपलीकडच्या कारवाईचं विचारायचं आणि तटरक्षक दलाबद्दल संरक्षण मंत्रालयाला वेगळा प्रश्न टाकायचा.

मुंबई–गोवा महामार्गाबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांनाही हेच लागू. पनवेल ते (रायगडमधलं) इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता. इंदापूरपासून झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेने केंद्राच्या पैशांतून करायचं होतं. एवढ्या हातांतून गेलेल्या रस्त्याला कुणीच वाली नसतो. टप्पा कोणता, किलोमीटर किती ते किती, हे लिहिल्याशिवाय विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाचायची तसदीही घेऊ नका.

आमचे आमदारच मंत्री आहेत. त्यांना कोण विचारणार? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

मंत्री प्रश्न विचारू शकत नाहीत, पण तुमच्या तालुक्याबद्दल विचारायला तुमचाच आमदार लागतो असा नियम नाही. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, विधानपरिषदेत ७८. त्यांतला कुणीही विचारू शकतो, अगदी सावंतवाडीचा सदस्य पालघरच्या बंदराबद्दलही. कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक या मतदारसंघांचे दोन आमदार परिषदेत असतात, हे आपण निवडणूक झाली की विसरतो. त्यांच्याकडे जा. सत्ताधारी पक्षाचे आमदारही प्रश्न विचारतात आणि त्यांना माहिती कधीकधी सरळ मिळते. मला विरोधकांचा प्रश्न जास्त भरवशाचा वाटतो, पण तो माझा कल झाला.

माहिती अधिकार असताना आमदाराच्या मागे कशाला लागायचं? – एक विद्यार्थी, रत्नागिरी

दोन्ही लागतं, आणि क्रम महत्त्वाचा. माहिती अधिकारात कार्यालयात जे कागद आहेत त्यांची प्रत मिळते, ३० दिवसांत मिळायला हवी. 'विलंब का झाला' आणि 'आता काय करणार' याचं उत्तर जनमाहिती अधिकारी देत नाही, द्यायला बांधीलही नाही. ते मंत्र्याला द्यावं लागतं. म्हणून आधी अर्ज करून तपासणी अहवालाची किंवा मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदवतात तिची) प्रत काढा, मग ती आमदाराच्या हातात ठेवा. कागद हाताशी असताना लिहिलेल्या पहिल्या भागाला 'हे खरे नाही' म्हणणं अवघड जातं. वर्तमानपत्राच्या कात्रणावरून प्रश्न टाकण्याची जी रीत पडली आहे तिच्यापेक्षा हे कितीतरी बरं.

२००५ च्या कायद्यात एक मोलाचं वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते उपकलमच बदललं. त्यामुळे जुन्या पुस्तकांवरून अर्ज लिहीत असाल तर त्या वाक्यावर विसंबू नका.

गावात एक गृहस्थ सांगतात, 'खर्चाचे' पैसे दिले तर प्रश्न टाकून देतो. – नाव, गाव न देण्याची विनंती

एक पैसाही देऊ नका. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून ११ खासदारांची हकालपट्टी झाली. आमदाराच्या कार्यालयात साधं पत्र आणि सोबत कागदपत्रांची प्रत दिली की पुरतं.

उत्तर आलं, छापलं गेलं, पुढे काय? इथे धरणं फुटतात, पूर येतो, आणि उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे' असतं. – एक व्यापारी, चिपळूण

तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं आणि २०२१ च्या जुलैत शहर पाण्याखाली गेलं, हे सोसलेल्या गावाला मी धीर धरा म्हणणार नाही. नुसत्या प्रश्नाने धरण शाबूत राहत नाही. पण 'कार्यवाही सुरू आहे' म्हणून सरकार सुटत नाही.

मंत्र्याने 'तपासून पाहू', 'विचाराधीन आहे', 'माहिती गोळा केली जात आहे' असं सांगितलं, तर ते आश्वासन धरलं जातं. लोकसभेत त्यासाठी १९५३ पासून आश्वासन समिती आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं अशी अपेक्षा असते. आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनाही अशा समित्या आहेत. त्या सचिवांना समोर बसवून विचारतात. समितीचं काम संथ असतं, मुदतवाढी मागितल्या जातात. तरीही आपल्या भागातला समिती सदस्य कोण हे ठाऊक असावं. उत्तर जाणूनबुजून खोटं दिलं असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते. मात्र 'जाणूनबुजून' सिद्ध करणं कठीण, म्हणून हे हत्यार ऊठसूट काढू नये.

प्रश्नाने मोठा मासा गळाला लागल्याचं उदाहरण हवं असेल तर १९५७ चं मुंदडा प्रकरण पाहा. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले का, अशा संसदेतल्या प्रश्नांपासून ते सुरू झालं. पहिली उत्तरं गुळमुळीत होती. खासदार फिरोज गांधींनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा सव्वा कोटीच्या आसपासची गुंतवणूक उघड झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. पहिल्या उत्तरावर थांबले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

तुम्ही करायचं ते असं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. अतारांकितांच्या याद्या उशिरा येतात, पण येतात. आपल्या तालुक्याचं उत्तर शोधून प्रश्न क्रमांक, अधिवेशन आणि उत्तराची तारीख उतरवून ठेवा. पुढच्या अधिवेशनाआधी आमदाराला नवा प्रश्न द्या, ज्याचा पहिला भाग सरकारच्याच शब्दांत असेल: 'अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात धरणाच्या गळतीची तपासणी करण्यात येत असल्याचे शासनाने नमूद केले होते, हे खरे आहे काय, असल्यास, ती तपासणी कोणत्या दिनांकास पूर्ण झाली?' याच्या पहिल्या भागाला 'खरे नाही' म्हणता येत नाही, 'अंशतः'सुद्धा म्हणता येत नाही.