फसलेला प्रयोग आणि आईचं कर्ज

"मॅडम, चार वर्षं गेली, हाती काहीच नाही." समुपदेशक म्हणून पीएच.डी. करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की एकीची गोष्ट, ओळख पुसून, सांगते.

तिचा विषय मेटास्टॅसिस. म्हणजे कर्करोगाच्या मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी दुसऱ्या अवयवात जाऊन रुजणं. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू या पसरण्यामुळेच होतात. तिची आईही तशीच गेली होती.

पहिल्या तीन भेटी गाइड, पेपर आणि मेलेल्या कल्चरमध्येच (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमध्येच) संपल्या. मी तिच्या बोलण्यातला 'च' ऐकत होते. जमलंच पाहिजे, याच वर्षी झालंच पाहिजे. माणूस परिस्थितीपेक्षा या 'च'ने जास्त पिचतो, हे माझं वर्षानुवर्षं तपासून पाहिलेलं मत आहे.

चौथ्या भेटीत विचारलं, "प्रयोग फसतो त्या क्षणी मनात काय येतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई पुन्हा गेली."

मी पुढे काही विचारलं नाही. दोघी नुसत्या बसून राहिलो. ही मुलगी रोज लॅबमध्ये कर्ज फेडायला जात होती, आणि तगादा लावणारं कुणीच नव्हतं.

पुढच्या भेटीत म्हटलं, "तुझा विषय मला शिकव." ती खुलली. 1889 मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि मांडलं, की पेशी म्हणजे बी, अवयव म्हणजे जमीन. बी हवं तिथे रुजत नाही. पुढे बराच काळ, पेशी कुठे रुजणार हे रक्तप्रवाहच ठरवतो, हे मत वरचढ राहिलं. 1980 मध्ये हार्ट आणि फिडलर या संशोधकांच्या उंदरांवरच्या प्रयोगांनी पॅजेटला बळ दिलं.

"म्हणजे नव्वद वर्षं," मी म्हटलं.

ती थांबली. "त्या 735 जणांपैकी एकालाही त्याचा उपयोग झाला नाही, मॅडम. पण माझ्या प्रयोगाला होतोय."

हे मी सांगितलं असतं तर उपदेश ठरला असता. तिचं तिला सापडलं, म्हणून टिकलं.

दुःखातून विषय निवडणं चूक नाही. ती ओढ लांबवर नेते. पण दुःखाला लॅबबाहेर जागा द्या, आईबद्दल घरच्यांशी बोला. गाइडला "काहीच जमत नाही" म्हणू नका. कोणती पायरी अडते, काय काय बदलून पाहिलं, ते सांगा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

शेवटच्या भेटीत तिने प्रयोगवही उघडून दाखवली. तारखेखाली लिहिलं होतं: पेशी जगल्या नाहीत. उद्या पेशी वाढवायचं माध्यम बदलून पाहते.