रोजच्या जेवणासाठी साखळी रेस्टॉरंट निवडावे की आसपासचे स्थानिक हॉटेल?

नोकरीनिमित्त पुण्यात नव्याने राहायला आलेल्या आणि आठवड्यातून तीन-चार वेळा बाहेर जेवावे लागणाऱ्या माणसाने नामांकित साखळी रेस्टॉरंटांवर भरवसा ठेवावा की आसपासच्या हॉटेलांवर, असे आपण विचारले आहे आणि स्वच्छतेची धास्ती वाटते, हेही लिहिले आहे. मी पुण्यात बरीच वर्षे खानावळींत जेवलो आहे, त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, मोजकेच पदार्थ होतात आणि जेवणाच्या वेळी जागा मिळायला थांबावे लागते, असे एखादे हॉटेल रोजच्यासाठी शोधावे. साखळी रेस्टॉरंट ठरावीक प्रसंगांसाठी ठेवावे.

निवड करताना पाटीवरच्या नावापेक्षा अन्न कोठे शिजते, हे आधी पाहावे. साखळी रेस्टॉरंटांत टिक्की, सॉस, ग्रेव्ही यांसारख्या बऱ्याच गोष्टी मध्यवर्ती स्वयंपाकघरात किंवा कारखान्यात तयार होतात, थंड किंवा गोठवलेल्या अवस्थेत शाखेत पोहोचतात आणि तेथे ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या वेळेपुरत्या गरम करून किंवा तळून पुढे येतात. ही पद्धत वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. कोथरूडमध्ये आणि कोलकात्यात एकच चव मिळते ती तिच्यामुळेच, आणि माल साठवण्याच्या नोंदी, तपासण्या यांची शिस्तही तिच्यातूनच येते. मात्र त्या शाखेत चव घेऊन मीठ वाढवणारा आचारी नसतो. पदार्थ कसा असावा, हे दूरच्या कार्यालयात ठरलेले असते. १९९६ मध्ये भारतात आलेल्या मॅकडोनाल्ड्सने येथील लोकांसाठी गोमांस व डुकराचे मांस वगळून आलू टिक्कीचा बर्गर आणला, म्हणजे या कंपन्याही स्थानिक चवीचा विचार करतात; पण तो विचार साऱ्या देशासाठी एकदाच होतो, आज मंडईत काय चांगले आले आहे यावर तो अवलंबून नसतो.

खानावळीचे गणित मात्र सकाळच्या मंडईपासूनच सुरू होते. पावसाळ्यात अळूचे फदफदे, थंडीत ओला मटार आणि पावटा, उन्हाळ्यात वाटीभर आमरस असा ताटातला बदल आपोआप होत राहतो, आणि रोज बाहेर जेवणाऱ्याला या बदलाचे मोल महिनाभरात कळते. दुपारी एकच्या सुमारास अशा ठिकाणी बसावे. आतल्या बाजूला दोघी-तिघी जणी पोळ्या लाटत असतात, वाढपी चार-चार पोळ्या घेऊन पंगतीतून फिरतो आणि ताटात अर्धी पोळी उरलेली दिसली की न विचारता गरम पोळी ठेवून जातो. आमटी खारट झाली तर गल्ल्यावरच्या मालकाला लगेच सांगता येते, आणि उद्याही हेच गिऱ्हाईक येणार आहे हे त्याला ठाऊक असल्याने तो ते मनावर घेतो. ग्राहक सेवेच्या क्रमांकावर केलेल्या तक्रारीने इतक्या लवकर फरक पडत नाही.

आता स्वच्छतेविषयी. दोन्ही प्रकारांत चांगली आणि वाईट ठिकाणे आहेत, म्हणून प्रत्येक जागा स्वतः पाहणे भाग आहे. अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणे बंधनकारक आहे. कागदपत्रांइतकाच उपयोग डोळ्यांचा होतो. हात धुण्याच्या जागेवर साबण आहे का, टेबल पुसणारे फडके कसे आहे, ताटे कोरडी येतात का आणि पिण्याचे पाणी झाकलेले आहे का, एवढे दोन मिनिटांत कळते. तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाला ते मोजता येत नाहीत, पण कढई समोर असेल तर तेल काळपट व चिकट झाले आहे का, त्यावर फेस राहतो का आणि घशाला झोंबणारा वास येतो का, हे सहज समजते. वड्यांचा घाणा निघाल्याबरोबर संपत असेल, तर निदान वडे तरी ताजे असतात. म्हणूनच मी गर्दीला इतके महत्त्व देतो. त्याच हॉटेलात दुपारी साडेतीनला गेल्यास सकाळची भाजी पुन्हा गरम होऊन पुढे येण्याची शक्यता असते.

एका बाबतीत लहान हॉटेले खरोखर कमी पडतात आणि ते स्पष्टपणे मान्य केले पाहिजे: स्वच्छतागृह. आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघाला असाल आणि बरोबर महिला असतील, तर महामार्गावरच्या साखळी रेस्टॉरंटात थांबणे मला अधिक योग्य वाटते. उष्मांक मोजून खाणाऱ्यांनाही तेथे सोय आहे, कारण दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक द्यावे लागतात. शेंगदाणे किंवा दूध यांची ॲलर्जी असणाऱ्याने तर अशाच लेखी माहितीवर विसंबावे. आपल्याकडच्या कोणत्या भाजीत दाण्याचे कूट पडले असेल, हे वाढप्याला विचारून खात्रीने कळत नाही.

बिलाबाबत थोडक्यात सांगतो. निवासी हॉटेलाचा भाग नसलेल्या रेस्टॉरंटांना साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलाने कंपोझिशन योजना (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) घेतली असेल, तर त्याला गिऱ्हाइकाकडून तो कर वेगळा घेता येत नाही. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. ते गिऱ्हाइकावर लादू नये, असे सांगणारी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली, म्हणून बिलातून सेवा शुल्क काढून टाकण्यास सांगताना संकोच करू नये.

माझा ओढा स्थानिक हॉटेलांकडे असण्यामागे आणखी एक कारण आहे. पुण्यात मिसळ पोह्यांसह, बेताच्या तिखटाची मिळते. कोल्हापुरात लालभडक कट आणि पावाच्या स्लाइस येतात. नागपूरकडे तर्रीचा झणझणीतपणा वेगळाच असतो. हा फरक त्या त्या गावच्या आचाऱ्यांनी आणि खवय्यांनी मिळून टिकवला आहे. एकच पाककृती सर्वत्र नेणाऱ्या व्यवस्थेत त्याला जागा उरत नाही, आणि अशी हॉटेले बंद पडत गेली तर हे पदार्थ केवळ नावापुरते राहतील, याची मला मनापासून काळजी वाटते.

तरीही ‘स्थानिक’ या शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पुण्यातलीच काही जुनी नावे आता फ्रँचायझी देतात. मूळ दुकानाची कीर्ती ऐकून नव्या शाखेत जाताना ती शाखा वेगळे हॉटेल आहे, असे समजूनच तिची पारख करावी. घरपोच मागवताना अधिक सावध राहावे, कारण ॲपवर दिसणारी चार निरनिराळी नावे एकाच स्वयंपाकघराची असू शकतात. मागवण्यापूर्वी ॲपवर दिलेला पत्ता पाहावा, आणि तो आपल्या घराजवळचा असेल तर पहिल्या वेळी स्वतः जाऊन पार्सल घ्यावे. तेथे आत बसून जेवायची सोय आहे का आणि शेगड्या दिसतात का, हे पाहून मगच पुढचे ठरवावे.