ट्रिगर हलका करून घेऊ का?

प्रश्न : ताई, मी टेक्सासात राहतो, ग्रीनकार्डावर आहे. फार्मसीत रात्रपाळी असते म्हणून दीड वर्षापासून शर्टाखाली, कमरेला ग्लॉक १९ पिस्तूल असतं. संधिवातामुळे उजव्या तर्जनीचा सांधा धरतो. रेंजवर पन्नासेक गोळ्या झाल्या की ट्रिगर जड वाटतो आणि नेम खाली डावीकडे जातो. साडेतीन पाउंडाचा कनेक्टर, म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारा जोर कमी करणारा सुटा भाग, स्वस्तात मिळतो. एक मित्र बसवून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, उद्या कुणाला गोळी लागली तर कोर्टात तुला सोलून काढतील. पहिल्याचं म्हणणं, गोळी झाडायचं कारण योग्य असलं की ट्रिगरबद्दल कुणी विचारत नाही. कुणाचं ऐकू? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : मी वकील नाही, पिस्तूल चालवायला शिकवते. पण हा प्रश्न वर्षातून चार-पाचदा येतोच.

पहिला मित्र अगदीच चुकीचा नाही. नुसता ट्रिगर बदलला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. खटला मुख्यतः एकाच गोष्टीवर चालतो : गोळी झाडायची वेळ खरोखर आली होती का? मात्र दुसऱ्या मित्राची भीतीही खरी आहे, फक्त त्याने कारण सांगितलेलं नाही.

स्वसंरक्षण म्हणजे कोर्टात उभं राहून म्हणायचं, "हो, मी मुद्दाम गोळी झाडली, नाहीतर मी मेलो असतो." समोरच्या वकिलाने "मुद्दाम कसली, बार उडाला" एवढं ज्यूरीच्या गळी उतरवलं की तुमच्या पायाखालची जमीन गेली. चुकून उडालेल्या गोळीला स्वसंरक्षण कसं म्हणणार? मग उरतो निष्काळजीपणा. टेक्सासात गुन्हेगारी निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि प्रकरण मॅनस्लॉटरवर, म्हणजे बेपर्वाईने घडवलेल्या मृत्यूवर, गेलं तर दोन ते वीस वर्षं. हलका करून घेतलेला ट्रिगर म्हणजे या कहाणीसाठी तुम्ही स्वतःच पुरवलेला पुरावा.

ही नुसती कल्पना नाही. १९८२ साली मायामीच्या ओव्हरटाउन भागात लुइस अल्वारेझ या पोलिसाच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून एक तरुण गेला. सरकारी पक्षाचा रोख असा होता की काडतुसावर ठोका मारणारा मागचा घोडा आधीच ओढलेला होता, त्यामुळे चाप हलका झाला होता, आणि गोळी चुकून सुटली. १९८४ मध्ये अल्वारेझ निर्दोष सुटला. पण त्याआधी वर्षभर डोक्यावर खटला होताच.

दिवाणी दाव्यात तर पैशाचं गणित असतं. घराचा विमा सहसा मुद्दाम केलेल्या इजेचे पैसे देत नाही, निष्काळजीपणाचे देऊ शकतो. म्हणून फिर्यादीचा वकीलच "अहो, तो माणूस वाईट नाही, त्याच्या हातून चुकून झालं" असं गोड बोलतो. टेक्सासात समर्थनीय बळ वापरणाऱ्याला दिवाणी दाव्यापासून संरक्षण आहे, पण गोळी चुकून सुटली असं ठरलं तर त्या संरक्षणाचा आधार घेणं अवघड. शिवाय बेपर्वाईने गोळी तिऱ्हाईताला लागली तर त्या माणसापुरता स्वसंरक्षणाचा बचाव तिथला कायदाच काढून घेतो. फार्मसीच्या रांगेत तिऱ्हाईत किती असतात ते तुम्ही रोज बघता.

तुम्ही ग्रीनकार्डावर आहात म्हणून आणखी एक. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. वकील गाठाल तेव्हा इमिग्रेशनचंही विचारा.

कोर्ट राहू द्या, मला जास्त काळजी हाताची वाटते. माझ्या एका विद्यार्थ्याने असाच ट्रिगर हलका करून आणला होता. पिस्तूल अजून वर उचलतच होता, बोट वेळेआधी आत गेलं आणि गोळी त्याच्या पुढ्यात तीन पावलांवर सिमेंटात घुसली. कुणाला काही झालं नाही. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक. हे शांत रविवारी, कागदी निशाणासमोर. रात्री दोन वाजता काउंटरपलीकडे कुणी हत्यार काढलं तर छाती धडधडते, बोटं बधिर होतात; किती दाब दिला ते त्या बोटाला कळतच नाही.

तुमच्या पिस्तुलाचा मूळ ट्रिगर साधारण साडेपाच पाउंडांचा, म्हणजे अडीच किलोचा. साडेतीनचा म्हणून विकलेला कनेक्टर बसवूनही दाब मोजायच्या गेजवर साडेचारच्या आसपास आकडा येतो. मग माणसं स्प्रिंगांना हात घालतात. स्ट्रायकरची, म्हणजे ठोका मारणाऱ्या दांडीची, स्प्रिंग नरम केली की काडतुसाच्या बुडावर ठोका हलका बसतो, आणि हवी तेव्हा गोळी उडतच नाही! हा सगळा उद्योग एका पाउंडासाठी.

तेव्हा कमरेचं पिस्तूल कारखान्यातून आलं तसंच ठेवा. हौस असेल तर निशाणेबाजीचं वेगळं घेऊन त्यात काय हवं ते करा. सांधा फारच दुखत असेल तर दुकानात चार-सहा पिस्तुलं हातात धरून बघा; ज्याचा ट्रिगर मुळातच तुमच्या बोटाला झेपतो ते घ्या. "कंपनीने असंच बनवलंय" हे वाक्य कोर्टात फार कामाचं.

आणि एक सांगू? उजव्या हाताने झाडणाऱ्याची गोळी खाली डावीकडे गेली तर दोष बहुतेक वेळा ट्रिगरच्या वजनाचा नसतो. चाप ओढताना सगळी मूठ आवळली जाते. पुढच्या खेपेला मित्राला मॅगझीन भरायला द्या, त्यात दोन-तीन खोटी काडतुसं तुम्हाला न सांगता मिसळायला सांगा. खोट्या काडतुसावर चाप ओढाल तेव्हा बार उडणार नाही; नळी किती खाली डुचकी मारते ते मात्र दोघांनाही दिसेल.