माप टाक

पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा जिना उतरता उतरता तू जे विचारलंस, त्याचं उत्तर देणं राहून गेलं. तुझी गाडी चुकत होती. "काका, डोक्यातलं हे सगळं बंद कसं करायचं?" संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये समोर मटार सोलत बसलेली बाई दिसते आणि बोरिवली येईपर्यंत तिचं घर, तिचा नवरा, तिची पळून गेलेली बहीण, सगळं तुझ्या डोक्यात उभं राहतं. ऑफिसातली मंडळी म्हणतात, प्रॅक्टिकल हो. आणि तू ते मनाला लावून घेतलंस.

बंद करायचं नाही हे तुलाही कळतं, त्यावर शाई घालवत नाही. माझं भांडण वेगळंच आहे. ती टरफलं कुठे टाकते, असं मी विचारलं तर तुला सांगता आलं नाही. दादरला सोलायला घेतले तर अर्धा किलो मटार कुठल्या स्टेशनला संपतात? "तेवढं काही पाहिलं नाही," म्हणालीस. मग तू कल्पना केलीच नाहीस, नुसती गुंगलीस. माप टाक, पोरी. असलेल्या वस्तूला पट्टी केव्हाही लावता येते. नसलेलीचं माप डोक्यातच काढावं लागतं.

मनातले मांडे म्हणून लोक हसतात. हसू देत. पण मनातलेच खायचे तर कंजूषपणा कशाला? पुरण किती, खापर किती तापलंय, मांडा हातावर कुठवर पसरल्यावर फाटतो, तेही मनात असू दे की.

मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंगच्या शाईपेनाने रेघ ओढायची, चुकली तर कागद फाटू न देता ब्लेडने शाई खरवडायची. नकाशाच्या प्रती काढायच्या अमोनिया प्रिंटचा वास शर्टाला लागून घरापर्यंत यायचा. धंदा सगळा नसलेल्या भिंतींचा. पण भिंत नऊ इंची की साडेचार इंची हे लिहिलं नाहीस, तर गवंडी नुसता तोंडाकडे बघत राहतो.

गेटवेचंच घे. ३१ मार्च १९११ ला पायाभरणी झाली. त्याच डिसेंबरात पंचम जॉर्ज उतरले, तेव्हा कमान कुठे होती? पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवून भागवलं. वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ ला, उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये. पायाभरणीपासून उद्घाटनापर्यंत तेरा वर्षं, त्यातली पुष्कळशी ती कमान कागदावरच्या मापांवर तगली. आणि समोरून सरळ येणारा रस्ता पैशाअभावी झालाच नाही, म्हणून आजही गेटवे रस्त्याला तिरका दिसतो. लोक फोटो काढतात, ते तिरकेपण कोणाला दिसत नाही. मला ते दर वेळी खुपतं.

आपल्या गिरगावातलं सांगतो. कॉरोनेशन थिएटरला ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याआधी पैसेवाल्यांना पटवायचं होतं, तर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसागणिक कॅमेऱ्यात घेऊन दाखवली. घरात त्यांची बायको सरस्वतीबाई अंधारात कोऱ्या फिल्मला भोकं पाडत. एका चौकटीला प्रत्येक कडेला चार, पाचवं चालत नाही. स्वप्नाळू माणूस म्हणतात फाळक्यांना. स्वप्नाळू! भोकं मोजली होती त्या घराने.

आता माझं. हे तुझ्या वडिलांनाही माहीत नाही. सत्तरच्या दशकात आपल्या चाळीच्या गच्चीवर अभ्यासिका बांधायचं माझ्या डोक्यात होतं. रात्री मुलं रस्त्याच्या दिव्याखाली वाचत बसायची, ती वर बसतील. चाळीच्या सभेत मी बोललो, छान बोललो. वारा, उजेड, पुस्तकं. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी एवढंच विचारलं, "जिना कुठून काढणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी, दिवसभर दुसऱ्यांचे जिने काढणारा माणूस! सभा हसली, चहा आला, विषय संपला.

पुष्कळ वर्षं मी त्या माणसाला दोष दिला. अजूनही थोडा देतो. हसायची गरज नव्हती. शिवाय घरात पाच माणसं, एक पगार, रविवारी बाहेरची कामं आणायचो. तुझ्या वयाला हे कारण वाटणार नाही, पण ते कारण होतं. तरी एक रात्र बसलो असतो तर जिना निघाला असता. एका रात्रीचं काम होतं ते.

रिटायर झाल्यावर तो जिना कागदावर काढला. गच्ची आता पुनर्विकासात जाणार, तरी काढला. त्याला वेड म्हणायचं असेल तर म्हण, मी ऐकून घेणार नाही.

तेव्हा प्रॅक्टिकल होण्याचं मला सांगू नकोस. आठवडाभर त्या बाईकडे नीट बघ आणि वहीत लिही. तिला काही विचारू नकोस, एवढ्यात तरी नाही. रविवारी वही घेऊन ये, मी ट्रेसिंगची गुंडाळी काढून ठेवतो. उंची दहा फूट, रायझर, म्हणजे पायरीची उभी बाजू, सहा इंचांचा, म्हणजे वीस रायझर झाले. मग मी ट्रेड, म्हणजे पाय ठेवायच्या आडव्या पायऱ्या, एकोणीसच का काढल्यात, ते मला मोजून सांग.

तुझा,
गिरगावचा काका